तापवलेला थर, सावध घर

अहिल्यानगर जिल्ह्यात घरोघरी गॅसची शेगडी आहे, साखर कारखान्यांजवळ इथेनॉलचे प्रकल्प आहेत. तिथली गळती वेळीच टिपतो वायुसंवेदक. त्यात बहुधा कथिलाचे ऑक्साइड असते. हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. गॅस आला की ते सुटतात आणि विद्युतरोध घटतो.

संवेदकावर नुकताच चढवलेला या ऑक्साइडचा पातळ थर अनेकदा विस्कळीत असतो. साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला तापवल्यावर त्याचे स्फटिक नीट घडतात. उष्णता फार वाढली, तर कण मोठे होतात, वायूला भिडणारा पृष्ठभाग कमी होतो आणि संवेदन मंदावते. योग्य तापमान शोधणे म्हणूनच मोलाचे.

संवेदक असो वा नसो, गॅसचा वास आला तर विजेचे बटण दाबू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा.