एकच सही किती वर्षं?

(नागपूरच्या ग्रामसभा शिबिरातलं भाषण)



हिवाळी अधिवेशन आलं की आपण मोर्चा घेऊन याच नागपुरात येतो. आमदार तोच, आपलं निवेदनही तेच. सरपंच, आमदार, खासदार, कोणालाच आपल्याकडे 'इतक्या वेळा पुरे' असा कायदा नाही. अमेरिकेत रूझवेल्ट चार वेळा राष्ट्राध्यक्ष निवडून आले, त्यानंतर 1951 साली तिथल्या घटनेतच बसलं की दोनदा निवडून आला, आता बस. आपणही ही मागणी लावून धरली पाहिजे. पण मागणी करणाऱ्याचं घर लोक आधी पाहतात.

आपल्या घरात काय आहे? वनहक्क समितीत 10 ते 15 जण, त्यात तिसरा हिस्सा तरी बाया, हे नियमात लिहिलेलं आहे. अध्यक्ष किती वर्षं, हे लिहिलेलं नाही. म्हणून कित्येक गावांत पहिल्या दिवशी जो बसला तोच आजवर बसून आहे. तेव्हा ती सही नुसती दाव्याच्या कागदावर लागायची. 2011 साली मेंढा (लेखा) ग्रामसभेच्या हातात बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक आलं. 2012 च्या दुरुस्तीनं तर परवाना ग्रामसभेच्या समितीनंच द्यायचा झाला. आता त्या सहीवर बांबूचा ट्रक हालते, तेंदूचा पैसा निघते. ठेकेदाराला सगळ्या गावाला विचारण्यापेक्षा एका माणसाला चहा पाजणं सोपं.

तो म्हणते, "मी सोडलं तर कागद कोण पाहील?" खोटं नाही. दावा, नकाशा, उपविभागीय समितीच्या चकरा, हे शिकण्यात त्याची वर्षं गेली. त्याच्यावर माझा संशय नाही. पण उद्या त्याला साप चावला तर? फाईल कुठं, पासबुक कोणाच्या पेटीत, गावाला ठाऊक आहे काय? एकट्यालाच येते म्हणून त्याला ठेवायचं, आणि ठेवला म्हणून दुसऱ्याला येत नाही!

माझं म्हणणं असं. मुदत तीन वर्षं, सलग दोनदाच. मंग एक मुदत बाहेर, आणि त्या जागी त्याच्याच घरचं माणूस नको. बायको सरपंच अन् कारभार नवऱ्याचा, हे आपण पाहून बसलो आहोत. जुन्या अध्यक्षानं एक वर्ष नव्याच्या बाजूला बसून शिकवावं, सही मात्र करू नये. खात्याचा हिशेब दर महिन्याला ग्रामसभेत मोठ्यानं वाचावा, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तर नक्कीच.

याला वरून कोणाची परवानगी लागत नाही. समिती ग्रामसभाच निवडते. तेंदूचा हंगाम लागायच्या आधी सभा घ्या, बाया निम्म्यावर असल्याशिवाय ठराव घेऊ नका, रजिस्टरात लिहा, सह्या-अंगठे घ्या. अन् पुढच्या अधिवेशनाच्या मोर्चाला येताना त्याची नक्कल सोबत आणा. आमदाराला दाखवायची आहे.