करवकील न्यायासनावर

रॉबर्ट जॅक्सन म्हटले की न्यूरेंबर्गचा खटला आठवतो. मला त्याआधीचे जॅक्सन अधिक मोलाचे वाटतात. कायद्याची पदवी न घेता वकील झालेले हे जेम्सटाउनचे गृहस्थ १९३४ मध्ये अमेरिकी महसूल खात्याचे मुख्य विधी सल्लागार झाले आणि त्यांनी अँड्र्यू मेलन यांच्यावर करचुकवेगिरीचा दावा चालविला. हे मेलन १९२१ ते १९३२ या काळात त्याच देशाचे अर्थमंत्री होते! १९३७ च्या अखेरीस निकाल लागला, तेव्हा मेलन हयात नव्हते. लबाडीचा आरोप टिकला नाही. काही कर मात्र देणे निघाला.

१९४१ मध्ये जॅक्सन सर्वोच्च न्यायालयात आले. सरकारचा हा जुना वकील आता सरकारकडेच झुकेल, असे कुणालाही वाटले असते. परंतु १९४३ च्या डॉब्सन खटल्यात त्यांच्याच निकालपत्राने करदाता जिंकला. करन्यायालयाचा तज्ज्ञ निर्णय वरिष्ठ न्यायालयांनी सहसा फिरवू नये, असा दंडक त्यांनी घातला. १९४८ मध्ये संसदेने तो मोडला. माझ्या मते दंडकच योग्य होता. कारण अपिलामागून अपिले लढणे परवडते कुणाला? पगारदाराला खासच नव्हे.