घरची कार्यशाळा आणि हत्यारांची निवड



न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या टोकाशी इन्व्हरकार्गिल नावाचे शहर आहे. तेथील लोखंडी सामानाच्या एका दुकानात एक जुनी लाल मोटारसायकल प्रदर्शनार्थ ठेवलेली असून ती पाहण्यासाठी दूरदूरचे प्रवासी येतात. ही मोटारसायकल बर्ट मन्रो यांची होय. १८९९ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी १९२० मध्ये ‘इंडियन स्काउट’ जातीची ही गाडी विकत घेतली. नावात ‘इंडियन’ असले तरी ती अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे तयार झालेली होती. तिचे इंजिन सुमारे ६०० घनसेंटिमीटरचे व कमाल वेग ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटर, एवढाच होता.

पुढील सत्तेचाळीस वर्षे मन्रो यांनी हेच यंत्र पुन:पुन्हा उघडले, सुधारले आणि पुन्हा जोडले. इंजिनाची क्षमता वाढत जाऊन सुमारे ९५० घनसेंटिमीटर झाली. २६ ऑगस्ट १९६७ रोजी अमेरिकेतील यूटा राज्यातील बॉनव्हिल येथील मिठाच्या सपाट मैदानावर, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी या गाडीवरून ताशी १८३.५८६ मैल वेगाचा विक्रम नोंदविला. त्यांच्या जीवनावर २००५ साली ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हा चित्रपट निघाला आणि एका छपरीतील कारागीर जगाला परिचित झाला.

या कथेतून एक बोध नेहमी काढला जातो. मन्रो यांच्याजवळ महागडी हत्यारे नव्हती, तरीही त्यांनी विक्रम केला. तेव्हा हत्यारांवाचून काही अडत नाही, असा तो बोध आहे. तो ऐकावयास गोड वाटतो, परंतु खरा नाही. स्वत:ची मोटारसायकल घरी बांधू पाहणाऱ्या तरुणांनी, आणि त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांनी, याचा नीट विचार करणे अगत्याचे आहे.

मन्रो यांनी पिस्टन जुन्या डब्यांच्या साच्यांत ओतले, ट्रॅक्टरच्या जुन्या आसातून कनेक्टिंग रॉड कोरून काढले आणि चाकाच्या एका जुन्या आरीचा उपयोग मोजमापाचे साधन म्हणून केला, हे सारे खरे. पण त्याची किंमतही त्यांनी मोजली. इंजिने वारंवार मोडली. मोडलेल्या भागांची एक फळीच त्यांच्या छपरीत होती आणि हे भाग वेगदेवतेला अर्पण केले आहेत, अशा अर्थाचा मजकूर त्यांनी तिच्यावर रंगविला होता. म्हणजे हत्यारांची उणीव त्यांनी आयुष्याच्या वर्षांनी भरून काढली. शिवाय मोजण्याचे साधन आरीचे असले तरी मोजणे त्यांनी कधी सोडले नाही. साधन साधे असणे निराळे आणि अंदाजाने काम करणे निराळे.

मोजमापाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरमध्ये फिरतो. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. म्हणून दोहोंमध्ये मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच मोकळीक ठेवावी लागते. सामान्यत: माणसाच्या केसाच्या जाडीएवढी म्हटले तरी चालेल. ती कमी पडली तर धावत्या गाडीत पिस्टन जाम होऊन मागचे चाक जागच्या जागी अडकते. ती अधिक झाली तर पिस्टन खडखडतो आणि दाब निसटतो. हा फरक डोळ्याला दिसत नाही, मायक्रोमीटरला दिसतो.

तेव्हा घरच्या कार्यशाळेसाठी खरेदीचा क्रम कोणता असावा? पहिला मान भक्कम बाक, त्यावर घट्ट बसविलेला शेगडा आणि पुरेसा उजेड यांचा. वस्तू हलत असेल तर उत्तम कानसही व्यर्थ होय. दुसरा मान मोजमापाच्या साधनांचा: पोलादी पट्टी, गुण्या, वर्निअर कॅलिपर, फीलर गेज आणि जमल्यास मायक्रोमीटर. तिसऱ्या क्रमांकावर पाने येतात. कमी-जास्त करता येणारा एकच पाना घेण्यापेक्षा योग्य मापांचे रिंग पाने व सॉकेट घ्यावेत. सैल पान्याने बोल्टाचे कोपरे झिजतात आणि पुढे तो छिन्नीनेच काढावा लागतो. इंजिनाच्या बोल्टांसाठी टॉर्क रेंच हवा, कारण आवळलेला बोल्ट हा ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. कमी ताणला तर तो सुटतो आणि अधिक ताणला तर तुटतो.

त्यानंतर कापण्या-घासण्याची हत्यारे घ्यावीत. हॅक्सॉचे पाते निवडताना एक नियम ध्यानी ठेवावा: कापावयाच्या जाडीवर निदान तीन दाते एकाच वेळी टेकले पाहिजेत. पातळ नळीसाठी म्हणूनच बारीक दात्यांचे पाते लागते. जाड दात्यांचे पाते नळीत अडकून मोडते. ड्रिल, कानशी आणि टॅप-डाय यांची जोड मिळाली की बरेचसे काम घरी होऊ शकते. लेथ मात्र आरंभी विकत घेण्याचे कारण नाही. ते काम तालुक्याच्या गावी लेथवाल्याकडून अचूक माप लिहून देऊन करून घेता येते.

डोळ्यांचा चष्मा, वाळूची बादली आणि हवा खेळती राहील अशी खिडकी हीही हत्यारेच समजावीत. बंद खोलीत इंजिन चालू ठेवणे प्राणघातक ठरते; त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वासही नाही. वेल्डिंगचा प्रथम सराव भंगारातील नळ्यांवर करावा आणि सांधे करवतीने कापून आतून पाहावेत. गाडीच्या सांगाड्यावर वेल्डिंग शिकू नये. बाहेरून सुबक दिसणारा सांधा आतून कच्चा असू शकतो आणि त्या सांध्यावर चालकाचा व रस्त्यावरील इतरांचा जीव अवलंबून असतो.

येथेच कायद्याचा संबंध येतो. मन्रो यांनी विक्रम केला तो मोकळ्या मैदानावर, नियमबद्ध स्पर्धेत. आपल्याकडील सार्वजनिक रस्ता हे प्रयोगाचे मैदान नव्हे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा निराळा होईल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. २०१९ च्या सुधारणेने अशा प्रत्येक अनधिकृत बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली आहे. रस्त्यावर येणाऱ्या नव्या नमुन्याच्या वाहनाला अधिकृत संस्थेकडून चाचणी व मान्यता घ्यावी लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा संस्थांपैकी एक होय. ग्रामपंचायतींच्या सदस्यांनी हे तरुणांना वेळीच समजावून सांगितले तर त्यांचा पैसा वाचेल आणि हौसही मोडणार नाही. जुने इंजिन उघडून पुन्हा जोडणे, मूळच्या नमुन्याप्रमाणे गाडी दुरुस्त करणे, शाळेच्या कार्यशाळेत इंजिनाचा छेद तयार करणे या कामांना कायद्याची आडकाठी नाही आणि शिक्षण मात्र पुरेपूर आहे.

मन्रो १९७८ साली निवर्तले. त्यानंतर छत्तीस वर्षांनी, २०१४ मध्ये, त्यांच्या मुलाच्या लक्षात आले की १९६७ च्या नोंदीत आकडेमोडीची चूक राहून गेली होती. दोन दिशांच्या धावांची सरासरी पुन्हा काढण्यात आली आणि विक्रम ताशी १८४.०८७ मैल असा दुरुस्त झाला. फरक अर्ध्या मैलाचा. परंतु मोजमाप फिरून तपासावे लागते, हे त्याने पुन्हा एकदा दाखवून दिले.

शाळांच्या कार्यशाळांत अशीच एक फळी असावी. विद्यार्थ्यांच्या हातून मोडलेला प्रत्येक भाग तीवर ठेवावा आणि त्याच्याजवळ तारीख, माप व मोडण्याचे कारण लिहावे. नव्या विद्यार्थ्याला हत्यार हाती देण्यापूर्वी ती फळी दाखवावी.