राजवाडा आणि मतपेटी : म्हैसूर लोकसभा मतदारसंघाचा इतिहास

कृष्णराज, चामराज आणि नरसिंहराज ही म्हैसूर शहरातील तीन विधानसभा मतदारसंघांची नावे वाडियार राजघराण्यातील पुरुषांची आहेत, शहराला लागून असलेला चौथा मतदारसंघ त्या घराण्याच्या कुलदेवतेच्या, म्हणजे चामुंडेश्वरीच्या नावाने ओळखला जातो, आणि हे चारही म्हैसूर लोकसभा मतदारसंघात मोडतात. नकाशावरच राजघराण्याची अशी मुद्रा उमटलेली असल्यामुळे येथील खासदारकी राजवाड्याकडे वारशाने चालत आली असावी, असा समज सहज होतो. १९५२ पासूनचे निकाल मात्र तो समज खोडून काढतात. राजघराण्यातील व्यक्ती येथून प्रथम निवडून आली ती १९८४ मध्ये, म्हणजे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर ३२ वर्षांनी, आणि पुढेही मतदारांनी त्या घराण्याला कधी स्वीकारले, तर कधी स्पष्टपणे नाकारले.

प्रतिनिधित्वाची कल्पना या भूमीला नवी नव्हती. १८३१ मध्ये ब्रिटिशांनी आपल्या हाती घेतलेला म्हैसूरचा कारभार १८८१ मध्ये वाडियारांना परत मिळाला आणि त्याच वर्षी दिवाण रंगाचार्लू यांनी प्रजाप्रतिनिधी सभा स्थापन केली. १४४ सदस्यांच्या या सभेला कायदे करण्याचा अधिकार नव्हता. राज्यकारभाराविषयीचे दिवाणांचे निवेदन ऐकावे आणि आपापल्या तालुक्यातील रयतेची गाऱ्हाणी मांडावीत, एवढेच तिचे काम होते. दसऱ्याच्या सोहळ्यासाठी संस्थानभरातून माणसे राजधानीत येत असत, त्याला जोडूनच तिचे अधिवेशन भरे. पुढे सदस्य निवडून देण्याची पद्धत आली, तरी मताचा हक्क शेतसारा, मालमत्ता किंवा शिक्षण यांच्या अटींनी बांधलेला असल्यामुळे तो मूठभर लोकांपुरताच राहिला. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांवरील बंदी उठवली गेली, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील कित्येक प्रांतांचा विचार करता ही गोष्ट त्या काळी निःसंशय पुढारलेली होती.

प्रौढ मतदान, म्हणजे वयाची अट पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला मत, ही पद्धत १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीने आणली. त्या वेळी म्हैसूर हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एकाच क्षेत्रातून दोन खासदार निवडायचे, त्यांतील एक जागा अनुसूचित जातींसाठी राखून ठेवायची, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते द्यायची, मात्र दोन्ही मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकू द्यायची नाहीत, अशी ती व्यवस्था होती. तिच्यातून काँग्रेसचे एन. राचय्या आणि किसान मजदूर प्रजा पक्षाचे एम. एस. गुरुपादस्वामी निवडून आले. आचार्य कृपलानींनी १९५१ मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडून स्थापन केलेला हा पक्ष अल्पायुषी ठरला, परंतु नेहरूंच्या प्रभावाचा तो काळ पाहता पहिल्याच निवडणुकीत विरोधी उमेदवाराला दिल्लीला धाडणे हा या मतदारांच्या स्वतंत्र बुद्धीचा पुरावा मानावा लागतो. गुरुपादस्वामी पुढे विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या मंत्रिमंडळात पेट्रोलियम खात्याचे मंत्री झाले. १९५७ मध्ये दोन्ही जागा काँग्रेसकडे गेल्या, १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले, आणि १९६२ पासून म्हैसूर एका खासदाराचा मतदारसंघ बनला.

१९६२ ची निवडणूक आणखी एका कारणाने म्हैसूरशी जोडलेली आहे. मतदाराच्या बोटाला लावली जाणारी, सहजासहजी न पुसली जाणारी शाई त्या सार्वत्रिक निवडणुकीपासून म्हैसूरमध्ये तयार होऊ लागली. या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते, त्वचेच्या आणि प्रकाशाच्या संपर्काने त्याचा काळसर डाग पडतो, आणि कातडीचा वरचा थर झडून जाईपर्यंत तो टिकतो. ती बनवणारी कंपनी आज मैसूर पेंट्स अँड वार्निश या नावाने ओळखली जाते. ती कर्नाटक सरकारच्या मालकीची आहे आणि तिची स्थापना १९३७ मध्ये चौथ्या कृष्णराज वाडियारांनी लाखेच्या व रंगांच्या कारखान्याच्या रूपाने केली होती.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही दशके राजघराणे निवडणुकीच्या रिंगणापासून दूर होते. शेवटचे महाराजा जयचामराज वाडियार १९५६ पर्यंत राजप्रमुख, म्हणजे विलीन झालेल्या संस्थानी राज्याचे घटनात्मक प्रमुख होते, आणि नंतर ते राज्यपाल झाले. १९६७, १९७१ आणि १९७७ या तिन्ही वेळा काँग्रेसचे तुलसीदास दासप्पा विजयी झाले. स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्ते एच. सी. दासप्पा आणि यशोधराम्मा यांचे ते पुत्र होत. १९७७ मध्ये उत्तर भारतात काँग्रेसचा धुव्वा उडाला असताना कर्नाटकात तिला २८ पैकी २६ जागा मिळाल्या, आणि त्यामागे मुख्यमंत्री देवराज अर्स यांनी केलेल्या जमीन सुधारणांचा व मागासवर्गीयांना दिलेल्या आधाराचा मोठा वाटा होता. अर्स म्हैसूर जिल्ह्यातील हुणसूरचे. १९८० मध्ये राजशेखर मूर्ती इंदिरा काँग्रेसतर्फे आले.

१९८४ मध्ये जयचामराजांचे पुत्र श्रीकंठदत्त नरसिंहराज वाडियार काँग्रेसचे उमेदवार म्हणून निवडून आले. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या त्या निवडणुकीत कर्नाटकातील २८ पैकी २४ जागा काँग्रेसने जिंकल्या, आणि अवघ्या तीन महिन्यांनी त्याच कर्नाटकाने विधानसभेत रामकृष्ण हेगडे यांच्या जनता पक्षाला बहुमत दिले. तेव्हा त्या विजयातील राजघराण्याचा वाटा किती आणि लाटेचा किती, हे वेगळे करणे कठीण आहे. १९८९ मध्ये ते पुन्हा जिंकले, पण त्या वर्षीही राज्यातील २७ जागा काँग्रेसच्याच होत्या. १९९१ मध्ये मात्र त्यांनी भारतीय जनता पक्षाची उमेदवारी घेतली आणि काँग्रेसने त्यांच्यासमोर देवराज अर्स यांच्या कन्या चंद्रप्रभा अर्स यांना उभे केले. दोघेही अरसू या, राजघराणे ज्यात मोडते त्या, संख्येने लहान समाजातले. म्हणजे जातीच्या बेरजेने हा निकाल लागणार नव्हता. एका बाजूला सिंहासनाचा वारस आणि दुसऱ्या बाजूला कुळांना जमिनी मिळवून देणाऱ्या मुख्यमंत्र्याची मुलगी, यांतून मतदारांनी मुलीला निवडले. या मतदारसंघाच्या साऱ्या इतिहासातील हा सर्वांत अर्थपूर्ण निकाल आहे. महाराष्ट्रातील श्रोत्यांना यावरून साताऱ्याची आठवण होईल, कारण २०१९ च्या ऑक्टोबरमधील पोटनिवडणुकीत पक्ष बदललेल्या उदयनराजे भोसले यांना श्रीनिवास पाटील यांच्याकडून असाच पराभव पत्करावा लागला होता.

तरीही राजघराण्याचे नाव निरुपयोगी होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९६ मध्ये देवेगौडांच्या जनता दलाने राज्यात १६ जागा जिंकल्या आणि काँग्रेस केवळ ५ जागांवर आली, त्या पाचांत काँग्रेसमध्ये परतलेल्या वाडियारांचे म्हैसूर होते. हा एक विजय बहुतांशी त्यांचा स्वतःचा मानता येतो. १९९८ मध्ये भाजपचे सी. एच. विजयशंकर निवडून आले आणि त्या पक्षाने म्हैसूर प्रथमच जिंकले. १९९९ मध्ये वाडियार चौथ्यांदा खासदार झाले, आणि २००४ मध्ये विजयशंकरांनी ही जागा परत मिळवली तेव्हा ते तिसऱ्या स्थानावर ढकलले गेले. २०१३ च्या डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले.

२००८ च्या परिसीमनाने, म्हणजे लोकसंख्येनुसार मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखण्याच्या प्रक्रियेने, मतदारसंघाचा कायापालट झाला. पूर्वी मंगळूरला जोडलेल्या कोडगूमधील मडिकेरी आणि विराजपेट म्हैसूरमध्ये आले, तर जिल्ह्यातील काही ग्रामीण भाग शेजारच्या मतदारसंघांकडे गेला. दलित आणि कुरुबा, म्हणजे आपल्याकडील धनगरांशी साम्य असलेल्या समाजाची, मोठी वस्ती असलेला ग्रामीण पट्टा असा बाहेर पडला आणि कॉफीच्या मळ्यांचा, भाजपकडे झुकलेला डोंगरी प्रदेश आत आला. २००९ मध्ये काँग्रेसचे ए. एच. विश्वनाथ केवळ ७,६९१ मतांनी तरले. २०१४ मध्ये पत्रकारितेतून आलेल्या प्रताप सिंहांनी त्यांचा ३१,६०८ मतांनी पराभव केला. आणि २०१९ मध्ये काँग्रेस व जनता दल सेक्युलर एकत्र असूनही सिंहांचे मताधिक्य १,३८,६४७ वर गेले. त्या वेळी आघाडीचे उमेदवार होते विजयशंकर, तोपर्यंत काँग्रेसमध्ये आलेले. दोन पक्षांची युती झाली म्हणून त्यांचे मतदार एकत्र येतातच असे नाही, हे त्या आकड्याने दाखवले.

२०२४ मध्ये भाजपने सिंहांऐवजी यदुवीर कृष्णदत्त चामराज वाडियार यांना उमेदवारी दिली. श्रीकंठदत्तांच्या थोरल्या बहिणीचे ते नातू असून श्रीकंठदत्तांच्या पत्नी प्रमोदादेवींनी २०१५ मध्ये त्यांना दत्तक घेतले होते. ज्या पक्षाच्या चिन्हावर श्रीकंठदत्त हरले होते त्याच चिन्हावर, आणि या वेळी जनता दल सेक्युलरच्या साथीने, त्यांनी काँग्रेसचे एम. लक्ष्मण यांना १,३९,२६२ मतांनी हरवले. हे मताधिक्य सिंहांच्या २०१९ मधील मताधिक्याहून जेमतेम सहाशे मतांनी अधिक आहे. राजघराण्यात न जन्मलेल्या पत्रकाराला पक्षाने जेवढे मिळवून दिले, जवळपास तेवढेच राजवंशातील उमेदवाराला मिळाले. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांचा वरुणा मतदारसंघ ज्यात आहे, त्या शेजारच्या चामराजनगरने त्याच निवडणुकीत काँग्रेसला विजयी केले.

या सगळ्या वाटचालीत एक उणीव ठळकपणे उरते, आणि तिची जबाबदारी मतदारांपेक्षा उमेदवारी वाटणाऱ्या पक्षांवर अधिक येते. स्त्रियांना मताचा हक्क शंभर वर्षांपूर्वी देणाऱ्या म्हैसूरमधून १९५२ पासून आजवर एकच महिला लोकसभेत गेली आहे, आणि ती म्हणजे १९९१ मध्ये निवडून आलेल्या चंद्रप्रभा अर्स.