दाण्यांवरील बुरशी



बेळगावचे वडगाव असो वा निपाणीकडील खेडे, दाण्याच्या कुटावाचून भाजी क्वचितच शिजते. पावसाळ्यात डब्यातील दाण्यांना बुरशी लागते. काटकसरी गृहिणी ते पुसून, खरपूस भाजून वापरते. काटकसर वाईट नव्हे; येथे मात्र ती अनाठायी होय. काही बुरशींपासून निर्माण होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष चुलीच्या आचेने पुरते नष्ट होत नाही आणि यकृतावर घाला घालते. १९७४ साली राजस्थान व गुजरातमधील आदिवासी खेड्यांत बुरशीचा मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. काळवंडलेला, सुरकुतलेला, कडवट दाणा टाकूनच द्यावा. गुरांनाही तो घालू नये. विषाचा अंश दुधावाटे घरात परततो. शेंगा खडखडीत वाळवून भिंतीपासून दूर, फळीवर ठेवाव्यात आणि लागतील तेवढ्याच फोडाव्यात.