मधुमेहाची गोळी आणि बी-१२

आपल्यापैकी अनेकजण मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेतो. जोडीला पित्तासाठी पँटोप्राझोल. दोन्ही औषधे गुणकारी, पण दीर्घकाळ घेतल्यास अन्नातले बी-१२ जीवनसत्त्व अंगी कमी लागते. आपल्या शाकाहारी घरांत ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते. म्हणजे आवक आधीच बेताची. मग तळपायांना मुंग्या येतात, राजघाटाच्या पायऱ्या उतरताना तोल जातो, विसरायला होते. आणि आपण म्हणतो, ‘वय झालं!’ उशीर झाला, तर नसांची हानी कायमची राहू शकते. तेव्हा गोळी मनाने बंद करायची नाही. डॉक्टरांना विचारून बी-१२ची रक्ततपासणी करून घ्यायची. कमतरता गोळ्या-इंजेक्शनांनी भरून निघते. ही चौकशी आपण विसर्जनाआधीच करू या. गणपती बाप्पा मोरया!