जाहीरनाम्याआधीचा कारभार

६ सप्टेंबर १७७४ रोजी मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर या गावी इंग्लंडच्या राजाच्या नावाने चालणारे न्यायालय भरायचे होते. ते भरले नाही. आसपासच्या गावांतून आलेले सुमारे साडेचार हजार नागरिक-शिपाई रस्त्याच्या दुतर्फा उभे राहिले. न्यायालयाच्या अधिकाऱ्यांना टोप्या काढून त्या रांगांमधून चालावे लागले, आणि संसदेचे नवे कायदे आपण अमलात आणणार नाही, ही लेखी कबुली पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचावी लागली. एकही गोळी सुटली नाही. लेक्झिंग्टनच्या चकमकीला अजून सात महिने अवकाश होता, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला जवळजवळ दोन वर्षे. तरी वूस्टर परगण्यापुरते इंग्रजी राज्य त्या दिवशी आटोपले, असे म्हणायला माझी हरकत नाही. वसाहतींनी आधी स्वातंत्र्य मिळवले आणि मग सरकार बनवले, असा क्रम आपण शाळेपासून धरून चालतो. माझ्या मते तो उलटा आहे. कारभार आधी हाती आला. १७७६ च्या जुलैत त्यावर शिक्कामोर्तब झाले.

हे शक्य झाले, कारण कारभाराची सवय जुनी होती. व्हर्जिनियाची निर्वाचित सभा १६१९ पासून भरत होती. न्यू इंग्लंडच्या गावोगावी ग्रामसभा रस्ते, शाळा आणि कराची वाटणी ठरवत. सप्तवार्षिक युद्धाने कर्जात बुडालेल्या इंग्लंडने १७६५ मध्ये मुद्रांक कर लादला, तेव्हा बोचले ते कर ठरवणाऱ्या आपल्या सभेला डावलल्याचे. १७७३ च्या कायद्याने तर ईस्ट इंडिया कंपनीचा चहा स्वस्तच होणार होता, तरी त्याच्या ३४२ पेट्या बॉस्टनच्या बंदरात गेल्या. संसदेने शिक्षा म्हणून बंदर बंद केले. ते एक वेळ सोसले असते. पण सोबतच राज्यपालाच्या परवानगीवाचून वर्षातून एकाहून अधिक ग्रामसभा भरवायची नाही, असा कायदा केला. दूरवरच्या शेतकऱ्याला चहाचे फारसे सुखदुःख नव्हते. ग्रामसभेला हात लागला तसा तो उठला.

पुढचे काम बिनगाजावाजाचे, म्हणूनच इतिहासात मागे पडलेले. ऑक्टोबर १७७४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसने गावांना कळवले की कराचा पैसा राजाच्या खजिनदाराकडे न भरता आपण नेमलेल्या हेन्री गार्डनर यांच्याकडे भरावा. न्यायालय बंद, कर दुसरीकडे, नागरी फौजेचे अधिकारी लोकांनी निवडलेले. मग राज्यपाल गेज यांच्याकडे बॉस्टन शहर आणि पलटणी यांखेरीज उरले काय? त्याच महिन्यात फिलाडेल्फियात वसाहतींच्या संयुक्त काँग्रेसने ब्रिटिश मालावरील बहिष्कारासाठी परगण्या-परगण्यांत समित्या निवडायला सांगितले. १७७६ च्या जानेवारीत न्यू हॅम्पशायरने स्वतःची घटना केली, आणि मे महिन्यात संयुक्त काँग्रेसने सर्वच वसाहतींना नवी सरकारे उभारायची शिफारस केली.

यावर आक्षेप येतो की फ्रान्सची मदत नसती तर हे सारे हवेत विरले असते. यॉर्कटाउनला फ्रेंच आरमार नसते तर १७८१ मध्ये इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला नसता, हे खरेच. पण १७७८ चा तह करायला फ्रान्सला समोर कोणीतरी लागतेच. शिवाय न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, चार्ल्सटन ही शहरे इंग्रजांनी जिंकूनही खेड्यापाड्यांत त्यांचा अंमल बसला नाही. समित्यांनी राजनिष्ठांवर जुलूम केला, हा दुसरा आक्षेप मी निमूट मान्य करतो. बहिष्कृतांची नावे छापली जात, घरांवर जमाव जात. जे राज्य कायद्याने आलेले नव्हते, ते धाकावरही चालत होते.

सारा कारभार स्थानिक सभांच्या हाती ठेवण्याच्या पद्धतीचा हिशेब लवकरच चुकता करावा लागला. नव्या काँग्रेसला कर बसवायचा अधिकारच नव्हता. आयातीवर पाच टक्के जकातीची योजना एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने अडली. १७८६ मध्ये कर्ज आणि करांनी पिचलेल्या शेतकऱ्यांनी वूस्टरसह अनेक ठिकाणची न्यायालये बंद पाडली, हत्यार तेच, सरकार मात्र आता आपलेच. राज्याने फौज धाडली. फरक असा की मॅसॅच्युसेट्सची १७८० ची घटना ग्रामसभांपुढे ठेवून मंजूर झालेली होती, आणि फौज धाडणाऱ्या राज्यपालाला मतदारांनी पुढच्याच निवडणुकीत घरी बसवले. १७८७ ची राज्यघटनाही निवडलेल्या परिषदांपुढे गेली. मॅसॅच्युसेट्समध्ये ती १८७ विरुद्ध १६८ अशी काठावर तरली.

सर्वांत जड आक्षेप गुलामांचा. स्थानिक कारभार म्हणजे तो ज्याच्या हाती त्याची मर्जी, हे इथे दिसते. मॅसॅच्युसेट्सच्या घटनेतील समतेच्या कलमावर बोट ठेवून न्यायमूर्ती कुशिंग यांनी १७८३ मध्ये क्वॉक वॉकरच्या खटल्यात गुलामगिरी घटनेशी विसंगत ठरवली. व्हर्जिनियाच्या १७७६ च्या हक्कपत्रातही सारी माणसे स्वतंत्र म्हटली होती. पण तिथल्या परिषदेने ‘समाजात प्रवेश करताना’ या आशयाची पाचर मारून गुलामांना आधीच बाहेर ठेवले होते. तिथला कारभार मळेवाल्यांच्या हाती होता. १७८७ च्या राज्यघटनेने त्याला धक्का लावला नाहीच, उलट प्रतिनिधी ठरवताना गुलामांची तीनपंचमांश संख्या मोजून मळेवाल्यांचे बळ वाढवले आणि गुलामांच्या आयातीला १८०८ पर्यंत अभय दिले.